शब्दाचं मूळ, नानांचं खूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. आमच्या सोसायटीत त्याला तिसरी भर पडली आहे: नानांना शब्दाचं मूळ विचारू नये. विचारायची गरजही पडत नाही म्हणा. संध्याकाळी सहाला नाना पार्किंगजवळच्या बाकावर येतात, शेजारी कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' ठेवतात (तो उघडलेला कुणी पाहिलेला नाही, चहाचा कप मात्र त्यावर छान बसतो) आणि येणाऱ्याजाणाऱ्या पोरांच्या तोंडून काय सांडतंय याची वाट बघतात.

परवा आमचे चिरंजीव मित्राला म्हणाले, "भावा, त्याच्यात रिझ आहे." नानांनी कप खाली ठेवला.

"काय आहे?"

"रिझ, नाना. म्हणजे... समोरची व्यक्ती पटते ना, ते."

"अरे गाढवा, रिझवणे! आपलंच क्रियापद नेलं, शेपूट कापलं आणि आपल्यालाच परत विकलं."

पोरगं चाचरत म्हणालं की तो 'कॅरिझ्मा'तला मधला तुकडा आहे, ऑक्सफर्डवाल्यांनी २०२३ चा शब्द म्हणून निवडलाय. नानांनी हात झटकला. "आणि करिश्मा कुणाचा? आपलाच!" वास्तविक कॅरिझ्मा ग्रीक, करिश्मा फारसी. पण नाना वडाची साल पिंपळाला लावायला निघाले की पिंपळाचं मत कुणी विचारत नाही.

'ओके'चं तेच. १८३९ साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्राने 'ऑल करेक्ट' हे शब्द गंमत म्हणून अशुद्ध धरून त्यांची आद्याक्षरं छापली, आणि तो पोरखेळ जगभर पसरला. नाना म्हणतात, ओंकार. २०२२ साली विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' सुरू झालं, तेव्हा त्यातही त्यांना ओंकारच ऐकू आला. पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे मात्र त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

खोटं कशाला बोला, नाना कधीकधी बरोबरही असतात. 'ब्रो' हा भ्रात्याचा, असं ते म्हणाले तेव्हा आम्ही फिदीफिदी हसलो. मग कळलं की ब्रदर आणि भ्राता खरोखर एकाच गोत्राचे. 'बिनधास्त'मधली धास्ती त्यांनीच दाखवली. 'भिडू' म्हणजे खेळातला जोडीदार, तो नाक्यावर आणि सिनेमात नंतर गेला, हेही. पण रसवंती खरी खुलते ती 'पाट्या टाकणे' समजावताना. "मुकादम पाट्या मोजतो, पाटीत माती किती ते बघत नाही. अर्धी भरायची, टाकायची, पुढे चालायचं. दिवस भरला!" चौतीस वर्षं एका कचेरीत काढलेल्या माणसाच्या आवाजात त्या वेळी जी आपुलकी येते, ती कुठल्याही कोशात मिळणार नाही.

हल्ली पोरांच्यात एक नवा प्रयोग चालू झालाय. कुणी बिनपुराव्याचं ठोकून दिलं, की बाकीचे ओरडतात, "ए, नाना नको मारूस!" तो फिरतफिरत गेल्या रविवारी बाकापर्यंत आलाच. मी जिन्यातच थबकलो.

नानांनी डोळे मिटले. "नाना म्हणजे अनेक. शुद्ध संस्कृत. नाना युक्तिवाद करून समोरच्याला मारणे, म्हणजे निरुत्तर करणे. फार जुना प्रयोग आहे हा, पोरांनो. तुमच्या तोंडी टिकलाय, आनंद वाटला."

पोरांनी गंभीरपणे माना डोलावल्या. नानांनी खिशातली डायरी काढली, शब्द तारखेसह टिपून घेतला आणि पुढे लिहिलं: निर्विवाद.