भाग्याचा दाणा

चिनी ज्याओझ घरी करायचे तर मैदा, कोबी, आलं यांच्या आधी माणसं जमवावी लागतात. उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री अख्खं घर टेबलाभोवती बसतं. एक जण पाऱ्या लाटतो, बाकीचे सारण भरतात, मुरड घालतात आणि हजर नसलेल्या नातेवाइकांची उणीदुणी काढतात. आमच्याकडे माणसं होती, उणीदुणीही मुबलक होती. फक्त प्रत्येकाला देखरेखीचंच काम हवं होतं.

"हे तर मोमोच की," असं म्हणून चिरंजीव मोबाइलकडे परतले. मोमो तिबेट-नेपाळकडचे, बहुधा वाफवलेले. हे उकळत्या पाण्यात सोडायचे, हा फरक मी शेवटी कुकरला समजावून सांगितला.

डुकराचं मांस आणि चिनी कोबी हे उत्तर चीनमधलं नेहमीचं सारण. आईच्या स्वयंपाकघरात त्यातला फक्त कोबी शिरू शकत होता. पण तिकडे काही घरांत वर्षाच्या पहिल्या दिवशी बिनमांसाचे ज्याओझ करतात, असं कळल्यावर मी परंपरेचा भक्कम आधार घेऊन गाजर, मशरूम आणि टोफू चिरायला घेतले. कोबीला मीठ लावून तो घट्ट पिळायचा असतो, नाहीतर पारी आतून भिजून फाटते. मी पिळत होतो आणि आई खाली वाटी धरून उभी होती. "पाणी फेकू नकोस रे, आमटीत घालीन." तिळाचं तेल हवं म्हटल्यावर बायकोने दिवाळीतली अभ्यंगाची बाटली आणून पुढे ठेवली. लागतं ते भाजलेल्या तिळांचं, हे मी सांगितलं. "मग आधी तीळ भाजून घ्यायचे होतेस," हे उत्तर मिळालं.

५०० ग्रॅम मैद्याला साधारण २५० मिलिलिटर थंड पाणी घालून पीठ घट्ट मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. या अर्ध्या तासात विश्रांती फक्त पिठाने घेतली.

खरी परीक्षा पारीची. छोट्या, मुठी नसलेल्या लाटण्याने कडेपासून मध्यापर्यंत जायचं आणि मागे यायचं. डाव्या हाताने चकती दर खेपेला थोडी फिरवायची. मध्य जाड राहिला पाहिजे, कारण सारणाचा भार त्याच्यावर. कडा पातळ हव्यात, कारण मुरड घातली की तिथे मैदा दुप्पट होतो. बायकोचा हात वर्षानुवर्षं सगळीकडे सारखी पोळी लाटून इतका नीतिमान झालाय, की तिला मध्य जाड ठेवणं म्हणजे भ्रष्टाचारच वाटला. आईने मात्र एकच पारी हातात घेऊन बोटांनी कडा दाबत नेल्या. "मोदकाला नाही का करत?" एवढं बोलून ती पुन्हा खुर्चीत बसली. एक नमुना करून दाखवला की आपलं काम संपलं, अशी तिची पहिल्यापासूनची कार्यपद्धती आहे.

बाबांनी इतिहास मागितला. मग मी त्यांना पूर्व हान काळातल्या चांग चोंगचिंग या वैद्याची आख्यायिका सांगितली. कडाक्याच्या थंडीत लोकांचे कान गोठून झडायला आले, तेव्हा त्याने मटण आणि उष्ण औषधी पिठाच्या पारीत भरून कानाच्या आकाराचे उंडे खाऊ घातले म्हणे. "अस्सं!" म्हणून बाबांनी श्रवणयंत्र काढून टेबलावर ठेवलं. औषधाचा गुण बघायचा होता.

तुर्फानजवळच्या आस्ताना इथल्या थडग्यांमध्ये थांग काळातले ज्याओझ सापडले आहेत. वाळवंटी कोरड्या हवेत हजाराहून अधिक वर्षं त्यांचा चंद्रकोरीचा आकार टिकला. आमचे काही पहिल्या उकळीतच उघडले. पाणी उसळलं की त्यात वाटीभर गार पाणी ओतायचं, असं तीनदा करायचं, म्हणजे पारी न फाटता आतलं नीट शिजतं. कुठलं पाणी कितव्यांदा यावर बायको आणि आई यांच्यात मतभेद झाल्याने ओतणं चार की पाच वेळा झालं, हे निश्चित सांगता येत नाही. तरी वर तरंगून आलेले ज्याओझ बरेच होते आणि ते चवीला उत्तम होते. चिंचेच्या चटणीशी तर फारच. तांदळाचा काळा चिनी व्हिनेगर मी मुद्दाम शोधून आणला होता; तो बाबांनी एकदा हुंगला आणि झाकण लावलं.

एका ज्याओझमध्ये पूर्वी नाणं लपवायचे; ज्याला सापडेल त्याचं वर्ष भरभराटीचं. दातांचा विचार करून आता काही घरांत शेंगदाणा घालतात, तो दीर्घायुष्याचा. मीही एकात गुपचूप एक दाणा घातला होता. पहिला घास घेताच चिरंजीव ओरडले, "मला मिळाला!" मग बायकोला मिळाला. मग बाबांना. मी आईकडे पाहिलं.

"सारण सैल वाटलं," ती शांतपणे म्हणाली, "म्हणून जाडसर कूट घातलं मूठभर."

घरात एवढे भाग्यवान एकदम निघाल्यावर भांड्यांचा प्रश्न अवघड झाला. मोरीत मैदा चिकटलेलं पातेलं, परात, चाळणी, पोळपाट. मी नावं पुकारायला लागलो, तसा प्रत्येकाने दातात अडकलेला दाण्याचा तुकडा पुरावा म्हणून पुढे केला.