हौसेचं पाणी

बुलढाणा जिल्ह्यात घरामागे तळं खोदायला घेतलं, की पहिला प्रश्न येतो तो अनुदानाचा. "किती भेटलं?" आपण काहीच भेटलं नाही म्हणालो, तर हा माणूस आकडा लपवतोय अशी समोरच्याची खात्री होते. त्यात त्याची चूक नाही. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि पंधरा बाय पंधरा ते तीस बाय तीस मीटरची मापं, तीन मीटर खोली आणि पन्नास हजारांची मर्यादा इथल्या माणसाला तोंडपाठ झाली. त्याला 'आठ बाय सहा, तेही फुटांत, खोली दोन फूट' असं सांगितलं, की तो आधी "मीटर ना?" म्हणून विचारून घेतो आणि मग आवाज खाली आणून, घरी सगळं बरं आहे ना, याची चौकशी करतो.

त्यालाही वाटणारच. जिथं नळ आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतो आणि आला की अपरात्री अख्खी गल्ली बादल्या वाजवत उठते, तिथं पाणी नुसतं बघायला साठवायचं म्हणजे पैशाचा नव्हे, पाण्याचा माज. मलाही हे पटतं. तरी तळं केलं. हौस अशीच असते. तिला मुद्दा पटतो, पण ती ऐकत नाही.

आणि या जिल्ह्यात पाण्याची हौस करणारा मी काही पहिला नव्हे. सिंदखेडराजाला जाऊन पाहा. जिजाऊंच्या माहेरी, लखुजी जाधवरावांच्या त्या गावात मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, आणि चांदणी तलावात तर मधोमध इमारत आहे. तलाव गरजेपुरता असता तर मध्ये इमारत कशाला? तिथलीच पुतळा बारव बघा. घागर घेऊन उतरणाऱ्या बाईला पाणी हवं असतं, शिल्पं नव्हेत. तरी बांधणाऱ्यानं ती कोरली. पाण्याजवळ आलेल्या माणसानं घटकाभर थांबावं, असं त्याला वाटलं असणार. माझी तक्रार एवढीच, की राजे लोकांना 'घरी सगळं बरं आहे ना' असं कोणी विचारलं नसेल.

खोदण्याच्या बाबतीत तर जिल्ह्याला थेट आकाशातून शिकवण आहे. लोणारला उल्का आदळली आणि बेसाल्टच्या अख्ख्या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा क्षणात तयार झाला. ना जेसीबी, ना गौण खनिजाची रॉयल्टी, ना ग्रामसभेचा ठराव. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, पण हे काम उल्केचंच, हे ठामपणे सिद्ध व्हायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. माझ्या खड्ड्याबद्दल मात्र गल्लीतल्या प्रत्येकाचा सिद्धांत दुपारपर्यंत तयार होता. सेप्टिक टँक, बोअरचा शोषखड्डा, आणि एका काकूंच्या मते गुप्तधन.

जागेवरून आधी बरंच झालं. वास्तुशास्त्राप्रमाणे पाणी ईशान्येला हवं. आमच्या ईशान्येला कडुलिंब. कडुलिंबाखाली तळं म्हणजे फाल्गुन-चैत्रात रोज टोपलीभर पानं पाण्यात, आणि ती कुजली की पाणी चहाच्या रंगाचं. शिवाय फुलझाडांना चार-पाच तास ऊन लागतं. शेवटी तळं आग्नेयेला गेलं. आग्नेयेला पाणी आणि अग्नी यांचं भांडण होतं म्हणतात. होत असेल, आमच्या घरात तेवढ्या भांडणाची वेगळी जाणीव होण्यासारखी शांतता नव्हती.

मिस्त्री मात्र जाणता निघाला. टिकास जमिनीत एकदा मारून त्यानं माती चिमटीत चोळली.

"सर, गड्डा तं मी खंदून देतो. पण सिमेंटचं करू नका. काळी माती हाये. उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. तुमचं टाकं दोन वर्षांत बोंबलीन."

"मग?"

"शेततळ्याचा कागद टाका. पाचशे मायक्रॉनवाला."

हा सल्ला लाखमोलाचा. जमीन हलली तर कागद तिच्याबरोबर हलतो, सिमेंट अडून बसतं आणि तडकतं. पण कागदाला टोक सहन होत नाही, आणि फूट-दीड फुटाखाली आमच्याकडे मुरूम लागतो, अणकुचीदार खड्यांचा. म्हणून खाली अंथरायला जुनी पोती आणि जुन्या साड्या. पोती लगेच मिळाली. कोणती साडी जुनी, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.

मिस्त्रीनं कडेनं फूटभर खोलीवर एक पायरी ठेवली, झाडांच्या कुंड्यांसाठी, आणि लेव्हल पाईप घेऊन चारी बाजू दोनदा तपासल्या. मला हा फाजील काटेकोरपणा वाटत होता. "सर, भितीची चूक पलस्तरात झाकते," तो म्हणाला, "पाण्यात नाई झाकत." पाणी भरल्यावर एका कडेला कागद वीतभर उघडा आणि दुसऱ्या कडेनं ओहोळ, अशी तळी मी नंतर पाहिली तेव्हा त्याचं म्हणणं कळलं.

खड्डा तयार झाला तो अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. त्यामुळे भेंडवळच्या घटमांडणीकडे त्या वर्षी आमच्या घराचंही लक्ष होतं. जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावात शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्यं, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. रात्रभरात काय हललं, काय भिजलं, ते पाहून पहाटे भाकीत सांगतात. शेतकरी ते ऐकतो, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न असतो. मी ऐकत होतो, कारण नळाचं पाणी तळ्यात घालायचं नाही अशी घरातून अट होती. गच्चीवरचं पावसाचंच घालायचं. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर इंचभर पाऊस पडला, की सुमारे तेवीसशे लिटर पाणी होतं. म्हणजे मृगाची एक चांगली सर आणि तळं काठोकाठ. मिस्त्री मुद्दाम बघायला आला, गजानन महाराजांचं नाव घेतलं आणि म्हणाला, "झालं तुमचं अनुदान."

यानंतर पाणी हिरवं झालं.

सगळ्याच नव्या तळ्यांचं होतं. शेवाळाला ऊन आणि खत लागतं, आणि नव्या तळ्यात दोन्ही फुकट. पण हिरवं पाणी बघून गप्प बसेल असा माणूस आपल्याकडे जन्माला आलेला नाही. कोणी तुरटी फिरवायला सांगितली, कोणी पोटॅशियम परमँगनेट, कोणी शेवग्याच्या बिया. बहुतेकांचं मत पडलं, की सगळं उपसून नवं पाणी भरा. त्यानं होतं काय, तर शेवाळाला नवी मेजवानी मिळते आणि खेळ पहिल्यापासून. खरा उपाय म्हणजे कुमुदाची पानं पसरू देणं. अर्ध्याहून जास्त पाणी पानांनी झाकलं, की शेवाळाचं ऊन तुटतं. दगडांवर, कुंड्यांवर डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्तीला येतात. माशांच्या विष्ठेतला अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात, आणि ते नायट्रेट झाडं खातात. ही घडी बसायला महिना-दीड महिना जातो. त्या काळात मालकानं काही करायचं नसतं. ते जमलं पाहिजे. मला वाटतं, तळी बिघडतात ती दुर्लक्षानं कमी आणि काळजीनं जास्त.

डासांचं मात्र तसं नाही, तिथं काळजी घ्यावीच लागते. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि आठवड्या-दहा दिवसांत उडायला लागतो. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. आशाताई कूलर तपासायला आल्या आणि मागच्या दारात थबकल्या. "आमी लोकायले कुलर कोरडा करा म्हणून सांगून रायलो, अन् तुमी अख्खं तळं भरून ठेवलं?" त्यांनी बॅटरी मारली, कोपऱ्यात वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या आणि पुढच्या फेरीला पिशवीत गप्पी मासे आणून दिले. हे मासे मूळचे पार त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचे. अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात, आणि त्या कामात त्यांना कुठलाही संकोच नाही. आठवड्याभरात अळ्या गेल्या. गप्पींना बाहेरून खायला घालू नये. पोट भरलं, की तेही सरकारी योजनेतलं काम टाळतात.

एकदा पाणी तयार झालं, की बाकीची मंडळी निमंत्रणाची वाट बघत नाहीत. पहिल्या जोरदार पावसाच्या रात्री मोठे बेडूक आले, हळदीनं माखल्यासारखे पिवळेजर्द. एरवी मातकट असणारा नर विणीच्या दिवसांत असा नटतो आणि रात्रभर ओरडतो. शेजाऱ्यांनी सकाळी सभ्यपणे विचारलं, की यांना बंद करायचं बटण आहे का? मग पिवळसर चतुर आले, पावसाळ्यात थव्यांनी दिसतात ते. शाळेतली पोरं त्यांच्या शेपटीला दोरा बांधतात. त्यांना कोणी सांगायला हवं, की हा किडा भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जातो. त्याच्या अळ्या पाण्यात राहतात आणि डासांच्या अळ्या खातात. खंड्या वायरवर बसून गप्पींची मोजणी करतो. वंचक बगळा काठावर इतका निश्चल उभा राहतो, की नवी मोलकरीण त्याला शोभेचा समजून फडकं घेऊन पुसायला गेली. वानरं येतात, कुमुदाची फुलं खातात, निघून जातात. त्यांच्याविषयी अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

आता तो पाण्याच्या माजाचा मुद्दा. मे महिन्यात आमच्याकडे तळ्याची पातळी रोज साधारण सेंटीमीटरभर उतरते. आठ बाय सहाच्या तळ्यात ते चाळीस-पंचेचाळीस लिटर होतात, म्हणजे तीन बादल्या. पण नुसत्या तीन बादल्या ओतत राहिलं तर काय होतं, ते पाहायला पुन्हा लोणारला जावं लागतं. तिथं धारेचं गोडं पाणी बारा महिने येतं, तरी सरोवर खारं आणि इतकं अल्कधर्मी, की त्यात मासा टिकत नाही. कारण पाण्याला बाहेर जायला वाटच नाही. ऊन नुसतं पाणी नेतं, क्षार मागे ठेवतं. जून २०२० मध्ये पाणी ओसरून क्षार वाढले, तेव्हा मीठप्रेमी सूक्ष्मजीवांनी अख्खं सरोवर गुलाबी करून टाकलं आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या महाराष्ट्राला बोलायला विषय दिला. त्याच वर्षी ते रामसर पाणथळींच्या यादीतही गेलं. माझ्या तळ्यालाही वाट नाही. शिवाय आमचं बोअरचं पाणी जड. घाटाखाली पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विचारूच नका.

म्हणून वाट आपण करून द्यायची. झाडांना रोज जे पाणी द्यायचंच असतं, ते आधी तळ्यात ओतायचं आणि तेवढंच तळ्यातलं काढून झाडांना घालायचं. माशांच्या विष्ठेनं त्यात खत आयतं मिसळलेलं असतं. मेहकरच्या गाडीनं चिखलीला घटकाभर थांबावं आणि पुढे निघावं, तसं हे पाणी आमच्या तळ्यात थांबतं आणि कारल्याच्या वेलाकडे निघतं. थांब्यावर कोणी पाणी उधळत नाही. उन्हानं नेलेल्या तीन बादल्यांचा हिशोब तेवढा मी देणं लागतो, आणि तो कोणीही मागावा. फक्त पाइप लावून मोटारसायकल धुणाऱ्यांनी मागू नये.

उन्हाळ्याच्या तोंडी गाळ काढतो, एका वेळी निम्म्याच भागाचा, नाहीतर जिवाणूंची वस्ती उठते. २०१८ मध्ये 'सुजलाम सुफलाम बुलढाणा'त जेसीबी लावून जिल्ह्यातले तलाव उपसले आणि गाळ शेतांत गेला. रस्त्यांसाठी तलावांतूनच माती-मुरूम उचलायचा, म्हणजे रस्ताही होतो आणि तलावही खोल होतो, या युक्तीला तर देशभर बुलढाणा पॅटर्न म्हणतात. आमच्याकडे जेसीबीच्या जागी एक जुनं घमेलं आहे आणि लाभार्थी गुलाबाची चार झाडं. आकार सोडला तर पॅटर्न तोच.

तळं करणाऱ्यांना एक विनंती आहे. हौस फिटते, घर बदलतं, किंवा एखाद्या उन्हाळ्यात खरोखरच पाणी पुरत नाही. तळं जरूर मोडा. पण त्यातले गप्पी पैनगंगेत, येळगावच्या धरणात किंवा गावतळ्यात सोडून पुण्य मिळवू नका. ते तिथल्या लहान माशांची अंडी-पिल्लं खातात आणि मग कोणाला आवरत नाहीत. दिसायला सुंदर म्हणून जलपर्णी तर घरी आणूच नका. तीही दक्षिण अमेरिकेतून शोभेची म्हणून आली आणि आता नद्यांच्या नद्या झाकून बसली आहे. मासे द्यायचे तर तळंवाल्याला द्या किंवा आरोग्य केंद्रात नेऊन द्या. तळं करायचं असेल आणि गप्पी हवे असतील, तर आमच्याकडे या. झाकणाला भोकं पाडलेली बाटली मात्र तुमची तुम्ही आणा.