कियांतीच्या प्रवासाची पूर्वतयारी : यवतमाळकरांसाठी

इटली देशाच्या तोस्काना प्रांतात फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन नगरांच्या दरम्यान कियांती नावाचा जो डोंगराळ मुलूख पसरलेला आहे, तेथील द्राक्षमळ्यांच्या सान्निध्यात आठ-पंधरा दिवस निवांत घालवावेत अशी इच्छा यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या सद्गृहस्थाच्या मनात उत्पन्न झाल्यास त्याने ती प्रथम घरात बोलून दाखवू नये. ज्या जिल्ह्यात दारूपायी बुडालेल्या संसारांची उदाहरणे दर आळीत सापडतात, तेथे ‘वाइनचा मुलूख पाहून येतो’ हे वाक्य कितीही सौम्य स्वरात उच्चारले तरी त्यातले पहिले पद तेवढे ऐकू जाते. आरंभी फ्लॉरेन्सच्या शिल्पकलेचा विषय काढावा. मायकेलअँजेलोचा डेव्हिड तेथेच उभा आहे, आणि तो दिसावयास पूर्णतः निर्व्यसनी आहे.

हंगामाची निवड हा या विषयातील सर्वांत बिकट भाग होय. कियांतीत द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, आणि जायचे तर तेव्हाच, असे जाणकार बजावतात. नेमके त्याच सुमारास आपल्याकडे पोळा आटोपून सोयाबीन सोंगणीला आलेले असते, कपाशीची बोंडे फुटू लागलेली असतात आणि मजूर मिळेनासे होतात. शिवाय इटलीची वकिलात व्हिसाच्या अर्जासोबत बँकेच्या खात्याचा मागील काही महिन्यांचा उतारा मागते. कापसाचा पैसा खात्यावर येतो तो दिवाळीनंतर, आणि मृगाच्या आगेमागे बियाणे-खतांच्या दुकानांतून तो मार्गस्थ होतो. तेव्हा भाद्रपदातल्या उताऱ्यावर पीककर्जाखेरीज दुसरी रक्कम दिसावयाची नाही, आणि पीककर्जातून युरोपदर्शन घडविण्याची योजना अद्याप कोणी जाहीर केलेली नाही. सबब पुढील मजकूर प्रामुख्याने पगारदारांसाठी आहे असे समजावे.

पगारदार सरकारी असल्यास त्याने परदेशगमनाचे ना हरकत प्रमाणपत्र रीतसर मागावे आणि प्रयोजनाच्या रकान्यात ‘पर्यटन’ एवढाच शब्द लिहावा. ‘द्राक्षशेतीचा अभ्यास’ असे भारदस्त काही लिहिल्यास, जिल्ह्याचे मुख्य पीक कापूस असताना या अभ्यासाची निकड काय, असा शेरा पडून प्रकरण पुढच्या तोडणीपर्यंत त्याच टेबलावर विसावते. व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमाही उतरवावा लागतो. ज्याने पीकविम्याची वाट पाहिलेली आहे त्यास या अटीने विशेष धीर येत नाही, परंतु कागद जोडणे भाग आहे. त्याबरोबरच आपल्या राज्याचा मद्यसेवनाचा परवाना काढून ठेवावा. इटलीत त्याची कोणी मागणी करीत नाही. तथापि 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्याखालील हा दस्तऐवज स्वतंत्रपणेही वाचनीय आहे. तो एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजन्म अशा तीन मुदतींत मिळतो, आणि परवानाधारक हा प्रकृतीच्या रक्षणार्थच मद्य घेतो असे त्यात गृहीत धरलेले असते. आजन्म परवाना काढणाऱ्याने प्रकृतीची तक्रारही आजन्म चालू ठेवण्याची हमी दिली, असा अर्थ कोणी लावल्यास त्यास कायदा जबाबदार नाही.

प्रत्यक्ष कियांतीत पोहोचल्यावर तेथील काळ्या कोंबड्याचे दर्शन अवश्य घ्यावे. कियांती क्लासिको या वाइनच्या बाटलीवर तो असतोच, आणि त्यामागील आख्यायिका तर वऱ्हाडातील माणसाने कान देऊन ऐकावी अशी आहे. मध्ययुगात फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यात हद्दीचा तंटा होता. तो मिटविण्यासाठी असे ठरले की, पहाटे कोंबडा आरवताच दोन्ही नगरांतून एकेक घोडेस्वार सुटावा आणि दोघे जेथे समोरासमोर येतील तेथे सीमा मानावी. सिएनाकरांनी आपला पांढरा कोंबडा दाणे घालून लठ्ठ केला. फ्लॉरेन्सकरांनी काळा कोंबडा निवडला, त्यास अंधारात कोंडून उपाशी ठेवले, आणि तो बिचारा क्षुधेने व्याकुळ होऊन सूर्योदयाच्या पुष्कळ आधी आरवला. सिएनाचा स्वार घोड्यावर बसून थोडासा पुढे येतो न येतो तोच फ्लॉरेन्सचा स्वार समोर हजर झाला, आणि जवळजवळ सगळी कियांती फ्लॉरेन्सकडे गेली. ज्याच्या घरी धुऱ्याचा दावा आजोबांच्या काळापासून तारखांवर तारखा घेत आहे, ज्याने मोजणीचा अर्ज, मोजणीची फी, भूकरमापकाची प्रतीक्षा आणि ऐन मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याची हरकत हे सर्व सोसले आहे, त्यास एका उपाशी पक्ष्याने एका पहाटेत दिलेल्या या निकालाचे मोल इटलीकरांहून अधिक कळेल. मात्र हा प्रयोग स्वगृही करू नये, कारण आपल्याकडे सणवाराच्या आदल्या रात्री डालग्यात कोंडलेला कोंबडा पहाटेपर्यंत शिल्लक राहीलच असा भरवसा नसतो. पुढे 1716 साली तिसरा कोझिमो या ग्रँड ड्यूकने फर्मान काढून या मुलखाच्या चतुःसीमा निश्चित केल्या, म्हणजे एकदाचा फेरफार मंजूर झाला.

मुक्काम शेतकऱ्याच्या घरी करावा. इटलीत 1985 सालापासून त्यासाठी खास कायदा आहे. राळेगावच्या काकांच्या शेतावर एक रात्र राहा म्हटले की ज्यास डास आठवतात, तोच गृहस्थ तेथे युरो मोजून खिडकी सताड उघडी ठेवून निजतो.

ज्यांस रजा, रक्कम आणि धैर्य यांपैकी काहीतरी उणे पडते, त्यांनी रंगीत तालीम म्हणून चैत्रातल्या एखाद्या पहाटे झरी-जामणी किंवा केळापूर तालुक्यातील कोलामांच्या पोडावर, अर्थात कोणास उपद्रव न देता, जाऊन यावे. मोहाची फुले रात्री उशिरा गळू लागतात. झाडाखालची जमीन आधीच झाडून लख्ख केलेली असते, आणि उजाडण्यापूर्वीच बायका-मुले टोपल्या घेऊन ती फिकट पिवळी, रसाने टपोरलेली फुले वेचू लागतात, कारण उशीर झाला तर अस्वल आधी येते. अंगणात वाळत घातलेली हीच फुले चार दिवसांत आक्रसून मनुकांसारखी तांबूस-काळी होतात. त्यांच्या साठवणुकीवरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध शासनाने 2021 साली सैल केले. तोवर घरच्या कणगीतले फूलसुद्धा आबकारीच्या नजरेत संशयित होते. गोव्याच्या काजू फेणीस 2009 साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि ती प्रतिष्ठित झाली. मोहाची दारू अद्याप पंचनाम्यातच भेटते. कियांतीत प्याल्यात नाक घालून दरवळाचे वर्णन करण्याचा सराव करणारे आपले सद्गृहस्थ पांढरकवड्याच्या रस्त्यावर मोहाचा वास येताच मोटारीच्या काचा वर घेतात, एवढे येथे नमूद करून ठेवतो.

आता परतीविषयी. सीमाशुल्क खाते प्रवाशास दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणू देते; खरी अडचण नागपूरच्या विमानतळाबाहेर पडल्यावर सुरू होते. यवतमाळचा सरळ रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो, आणि गांधीजी व विनोबा यांच्या वास्तव्याने पावन झालेल्या त्या जिल्ह्यात अनेक दशकांची दारूबंदी आहे. हिंगणघाटाकडून जावे तर तोही वर्धा जिल्हा, आणि तळेगावमार्गे अमरावती गाठावी तर तळेगावही त्याच जिल्ह्यात. नाक्यावरच्या शिपायास तिसऱ्या कोझिमोचे फर्मान समजावून सांगण्याची तयारी नसेल, तर काटोल, जलालखेडा, वरूड, मोर्शी, अमरावती, नेर असा जवळजवळ दुप्पट लांबीचा वळसा घ्यावा. वाटेत संत्र्यांच्या बागा लागतात, त्या पाहून घ्याव्यात.

घरी आल्यावर बाटली कपाटात आडवी ठेवावी. बूच ओले राहावे म्हणून जाणकार ती आडवीच ठेवतात. आपल्या राज्यात गावातले दारूचे दुकान बंद करावयाचे की नाही हे मतदानाने ठरविताना मतपत्रिकेवर एक उभी आणि एक आडवी अशा दोन बाटल्या छापतात, आणि निम्म्याहून अधिक स्त्री मतदारांनी आडवीला कौल दिला की दुकानास टाळे लागते. तेव्हा ज्या गृहिणीने मोर्चात चालून आडव्या बाटलीवर शिक्का मारलेला आहे, तिने कपाट उघडलेच, तर निदान बाटलीच्या स्थितीविषयी तिची हरकत राहणार नाही. बाकीचे खुलासे ज्याचे त्याने करावेत.