उलट टपाली

बर्नच्या क्लाइने शान्झे बागेत ग्रॅनाइटच्या खडकावर ढग आहेत, ढगांवर पृथ्वीचा गोल आहे आणि त्या गोलाभोवती पाच खंडांच्या पाच बायका तरंगत एकमेकींच्या हाती पत्रं देत आहेत. स्लॅब पडायच्या दिवशी घमेली हातोहात जावीत, तशी. खाली एकीकडे बर्ननगरी स्वतः बाई होऊन निवांत बसली आहे. यजमानीणबाईंना काम नाही. जागतिक टपाल संघाचं हे स्मारक फ्रेंच शिल्पकार रने द सें-मार्सो यांनी घडवलं आणि ४ ऑक्टोबर १९०९ रोजी त्याचं अनावरण झालं. संघाच्या बोधचिन्हातही ह्याच बायका आहेत.

मला नवल वाटतं ते त्यांच्या संयमाचं. पाचांपैकी एकीलाही पत्र कुणाचं आहे ते उलटून बघावंसं वाटत नाही. आमच्या वाड्यात आलेलं पोस्टकार्ड धन्याच्या हाती पडेपर्यंत निदान तिघांना तोंडपाठ झालेलं असे.

ह्या संयमामागे एक करार आहे. पूर्वी देशादेशांचे टपालाचे वेगवेगळे तह असत. पत्र कुठल्या वाटेने जातं त्यावर त्याचा खर्च ठरे. जर्मन टपालखात्याचे हाइनरिश फॉन श्टेफान यांच्या पुढाकाराने ९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्नमध्ये २२ देशांनी ठरवलं, की पत्रांपुरता आपला सगळ्यांचा मुलूख एकच. १८७६ मध्ये भारतही त्यात आला, अर्थात साहेबाच्या सहीने.

पण त्यातलं मला सर्वांत आवडणारं कलम हिशेबाचं. तिकिटाचे पैसे ज्या देशात पत्र पेटीत पडलं त्याने ठेवायचे. पोचवणाऱ्याने मागायचे नाहीत. का? तर प्रत्येक पत्राला उत्तर येणारच, म्हणजे फिटंफाट! एवढ्या मोठ्या व्यवहाराचा हिशेब माणसाच्या सभ्यपणावर सोडला होता. करार करणाऱ्यांची आमच्या काकांशी ओळख नसावी. आत्या दर पत्राखाली ‘उलट टपाली उत्तर पाठवणे’ लिहून ठळक रेघ ओढी, आणि काका ते पत्र चष्म्याच्या घरात जपून ठेवत. उत्तर दिवाळीला, तेही काकूच्या हस्ताक्षरात.

तरी हा भाबडा हिशेब जवळजवळ शंभर वर्षं चालला. १९६९ च्या टोकियो अधिवेशनात मात्र ठरलं, की ज्याच्याकडून जास्त टपाल येतं त्याने फरकाचे पैसे मोजावेत. म्हणजे जगात काकाच जास्त निघाले.

पुढे पत्रं आटली आणि चीनमधून छोटी पाकिटं सुटली. ती घरोघर पोचवण्याचे पैसे फार कमी मिळतात म्हणून अमेरिका रुसली. २०१८ मध्ये तिने संघ सोडण्याची नोटीसच दिली. २०१९ च्या सप्टेंबरात जिनिव्हाला खास अधिवेशन भरवून तिची समजूत काढावी लागली. पोचवणावळ काही अटींवर आपली आपण ठरवायची मुभा मिळाली, तेव्हा बाईसाहेब थांबल्या. उत्तर येईलच, हा जुना मुद्दा तिथे कुणी काढला असेल असं वाटत नाही. मोबाइलच्या कव्हराला उलट टपाली लिहिणार तरी काय?