अर्धवट जाळावे, अर्धवट कुटावे

अर्धवट राहिलेल्या कामांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. टंचाई होती ती अशा कामाला शास्त्राचा आधार देणाऱ्या विद्येची. बायोचारने ती दूर केली आहे. बागेच्या मातीत घालायचा हा कोळसा घरी करताना जो मनुष्य प्रत्येक टप्पा तडीस नेतो तो हमखास नापास होतो, आणि जो वेळेवर हात आखडता घेतो त्याची बाग फुलते. तेव्हा ‘धरसोड वृत्तीचा’ असा शिक्का ज्यांच्यावर लहानपणीच बसला आहे, त्यांनी हा पाठ विशेष लक्ष देऊन वाचावा.

पहिला टप्पा जाळण्याचा. लाकडाला भरपूर हवा मिळाली की त्यातला कार्बन वायू होऊन उडून जातो आणि हाती चिमूटभर राख येते. तेच लाकूड हवा तोडून साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सियसला तापवले, तर जवळजवळ अर्धा कार्बन कोळशाच्या रूपाने मागे राहतो. त्यासाठी भट्टी विकत घेऊ नये. तळाशी निमुळता होत गेलेला खड्डा पुरतो. पऱ्हाट्या, तुराट्या, करवंट्या, छाटलेल्या फांद्या, जे काही असेल ते खडखडीत वाळलेले हवे, कारण ओले लाकूड कोळशाआधी धूर देते. तळाशी जाळ करावा, निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरू लागली की लगेच पुढचा थर टाकावा. वरची ज्वाळा येणारी हवा स्वतःच खाऊन टाकते आणि खालचा थर उपाशी राहून कोळसा होतो. खड्डा भरला की भरपूर पाणी ओतावे. या घटकेला ‘अजून थोडे जळू दे’ म्हणणारा कर्तव्यदक्ष मनुष्य राखेचा धनी होतो. पाण्यात मात्र कंजुषी नको. विझल्यासारखा दिसणारा कोळसा पोत्यात भरला, तर रात्रीतून पोत्यासकट पेटू शकतो. दहा किलो सुक्या लाकडाचा दोन-अडीच किलो कोळसा मिळाला, तर पहिल्या वर्गात उत्तीर्ण.

दुसरा टप्पा कुटण्याचा, आणि सर्वाधिक सज्जन इथेच वाया जातात. पीठ झाल्याशिवाय त्यांचे समाधान होत नाही. काहींची नजर तर स्वयंपाकघरातल्या मिक्सरकडे वळते. पण पाणी आणि अन्नद्रव्ये धरणारी बारीक छिद्रे लाकडाच्या स्वतःच्या नळ्यांतून आणि तापण्यातून आधीच तयार झालेली असतात. कुटून ती वाढवायची नसतात. पीठ केल्याने वाढते ती धूळ, आणि ती मातीत जाण्याआधी फुप्फुसात जाते. म्हणून कोळसा ओलसर असतानाच गोणपाटात भरावा, नाकाला फडके बांधावे, आणि वरून पायांनी तुडवावे किंवा धोपटण्याने बडवावे. तुरीच्या डाळीपासून हरभऱ्यापर्यंतचे तुकडे झाले की थांबावे. त्याहून मोठे राहिलेले खुशाल खतात टाकावेत. पुढचे काम मुळे आणि वर्षे करतील.

तिसरा टप्पा संयमाचा. कोरा कोळसा मातीतला नत्र स्वतःकडे ओढतो आणि झाडे पिवळी पडतात. म्हणून त्याला आधी जेवू घालावे: शेणाच्या स्लरीत भिजवून किंवा समप्रमाणात कंपोस्टमध्ये मिसळून दोन ते चार आठवडे ठेवावे. मग कुंडीच्या मिश्रणात कोळसा एक दशांशापर्यंत धरावा, त्याहून अधिक नाही.

आता आक्षेप. कोकणातला वाचक म्हणेल, ‘आमचे आजोबा राब भाजतच होते, यात नवे ते काय?’ भाजावळीत पालापाचोळा, गोवऱ्या जळून राख होते. तणाचे बी मरते आणि भाताच्या रोपांना पालाश मिळते, पण तो लाभ त्या हंगामापुरता. कोळसा मात्र शतके टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात माणसांनी कोळसा, हाडे, खापऱ्या, उष्टेखरकटे मिसळून केलेल्या काळ्या मातीचे काही पट्टे दोन हजार वर्षांनंतरही भोवतालच्या जमिनीपेक्षा सुपीक आहेत. देशावरचा वाचक विचारेल, ‘आमची जमीन आधीच काळी, मग आम्ही काय करावे?’ बरोबर आहे. फार काही करू नये. तिचा काळेपणा कोळशाचा नाही, चिकणमातीमुळे ती अन्नद्रव्ये आपणहून धरते, आणि बहुधा अल्कधर्मीच असते. राखमिश्रित कोळशाने तो अल्कपणा वाढेल. बायोचारचा खरा गुण दिसतो तो कोकणातल्या आम्लधर्मी, पावसाने धुऊन निघालेल्या जांभ्या जमिनीत. शहरातल्या वाचकाची अडचण वेगळी: राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून पाच हजार रुपयांपासून दंड ठेवला आहे, त्यामुळे सोसायटीच्या गच्चीवर हा यज्ञ मांडू नये.

सर्वांत महत्त्वाचा अर्धवटपणा मात्र सुरुवातीलाच पाळायचा आहे. बागेतला सगळा कचरा जाळायचा नाही. पाने, गवत, भाजीची देठे कुजू शकतात, त्यांचे कंपोस्टच करावे. कुजायला वर्षे घेणारे लाकूड तेवढे खड्ड्यात जावे. ज्याच्या अंगणात असे लाकूडच नाही, त्याने बायोचारच्या नादी न लागता शेणखत घालावे.