मागच्या पायांची सोय

मोटारसायकलच्या जाहिरातीत मागची सीट बहुतेक वेळा रिकामी असते. समोर बर्फाचे डोंगर, वळणावळणाचा रस्ता, जाकीट घातलेला एक तरुण आणि त्याच्या मागे कुणीच नाही. धाराशिव जिल्ह्यात असली जाहिरात काढायची तर छायाचित्रकाराला फार पहाटे उठावं लागेल. आमच्याकडे मागची सीट मोकळी दिसली की रस्त्यावरचा माणूस हात करतो आणि गाडी पुरती थांबायच्या आत 'येरमाळ्यापर्यंत सोडा' म्हणत टांग टाकतो. एरवी मागे बायको असते, कॉलेजला निघालेली मुलगी असते, गुडघ्याला पट्टा बांधलेली आई असते. कुणीच नसलं तर भूमहून आणलेल्या खव्याचा डबा असतो. गाडीचा खरा संसार मागच्या सीटवर चालतो आणि गाडी बनवणारे मात्र सगळी अक्कल पुढच्या माणसावर खर्च करतात, असं माझं जुनं मत आहे.

कायद्याने मागच्या माणसाचा थोडा विचार केला आहे, हेही सांगायला हवं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम म्हणतो की मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला आधार हवा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. हे झाकण म्हणजे आपलं साडीगार्ड. तरुण मुलं गाडी घरी आणली की पहिल्यांदा ते काढून माळ्यावर टाकतात आणि लग्न ठरलं की माळ्यावर शोधायला चढतात. पदराची काळजी नियमाने अर्ध्या चाकापर्यंत मोजून घेतली आहे. पायाला मात्र आधार हवा एवढंच मूळ नियमात म्हटलं होतं. तो किती लांब, किती रुंद, गुडघ्याच्या किती खाली, याचा पत्ता नव्हता. म्हणून मग रबर चढवलेला एक खुंटा मिळतो आणि त्यावर चवडा टेकवून माणसाने तुळजापूर, पंढरपूर, जमलं तर कोल्हापूरही करावं अशी अपेक्षा असते.

आमच्या लहानपणी घरात बजाज चेतक होती. १९७२ साली आलेली ही स्कूटर घराघरात पोहोचायला पुढे कित्येक वर्षं लागली, कारण नंबर लावून वाट बघावी लागे. तिच्या पुढच्या सपाट पाट्यावर हँडलला धरून मी उभा असायचो. वडिलांचे पाय माझ्या दोन्ही बाजूंना. आई मागे, एका अंगाला दोन्ही पाय सोडून, मांडीवर धाकटी बहीण आणि बहिणीच्या हातात पिशवी. त्या गाडीवरची सगळ्यांत ऐसपैस जागा घरातल्या सगळ्यांत लहान पायांना मिळालेली होती. आईच्या पायांचं काय चाललं आहे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि तिनेही कधी सांगितलं नाही. आमच्या सौभाग्यवती मात्र सांगतात.

पोरं शिकायला पुण्याला गेली आणि मी लांबच्या प्रवासाची साडेतीनशे सीसीची गाडी घेतली. पुढे बसायला ती सुरेख आहे. हँडल हातात आपोआप येतं, पाय पुढे मोकळे राहतात, पाठ ताठ. मागे बसणाऱ्याचे गुडघे मात्र पोटाकडे वळतात. धाराशिव ते तुळजापूर अंतर पंचवीसेक किलोमीटर, रस्ता आता चौपदरी, तरी तिथे उतरल्यावर ही गाडीला धरून उभी राहायची. पाय सरळ झाल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. त्यात तुळजाभवानीच्या दर्शनाला महाद्वारातून पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. इतर देव डोंगरावर चढायला लावतात, आमची आई खाली उतरायला लावते. आखडलेल्या गुडघ्याला चढण परवडते, उतरण नाही. गुडघ्याचे डॉक्टर काय म्हणतील ते म्हणोत, हे हिचं मत आहे आणि गुडघेही हिचेच आहेत.

दुखण्याचं कारण बसून पाहिल्यावर कळतं. मुलगा सुट्टीवर आला होता, त्याला पुढे बसवून मी येडशीपर्यंत मागे बसलो. खुंट्यावर पाय एकाच जागी एकाच कोनात अडकतो. पुढे सरकवायला जागा नाही, मागे घ्यायला नाही. गुडघा वाकण्याने तितका दुखत नाही, तसाच वाकून राहण्याने जास्त दुखतो. त्यावरचा इलाज जगात कधीच निघाला आहे. होंडाची गोल्डविंग १९७५ साली आली आणि पुढे तिच्या मोठ्या अवतारांत मागच्या माणसाला पायाखाली रुंद फळी, पाठीला टेका आणि दोन्ही बाजूंना हात टेकायची सोयसुद्धा मिळाली. अमेरिकेत मागे बसलेल्या बाईला झोप लागली तर ती पडू नये इतकी व्यवस्था. आमच्या गाडीला बसेल अशी फळी काही हाताला लागली नाही. तेव्हा घरीच करायचं ठरलं.

पहिलं काम मापाचं. मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा अंगणात टाकला आणि हिला म्हटलं, 'पाय ठेव.' ही म्हणाली, 'अनवाणी बसणार आहे का मी? थांबा, चप्पल घालून येते.' काम करणाऱ्याने वहीत लिहून ठेवावी अशी गोष्ट इथेच कळली: माप चपलेसकट घ्यायचं. दुसरा प्रश्न तिनेच काढला. 'देवीला जाताना साडी असते, मी एका अंगाला बसते. एरवी ड्रेस असतो, तेव्हा दोन्हीकडे पाय टाकून बसते. मग फळी कुठल्या बसण्याची करताय?' अमेरिकेतल्या कुठल्याही कारागिराला हा प्रश्न पडला नसेल. उत्तर असं निघालं की डावी फळी लांब, दोन्ही पाय शेजारी मावतील अशी, आणि उजवी एका पायापुरती. आपल्याकडे बाई डाव्या अंगालाच बसते. रहदारी डावीकडून असल्याने तिचे पाय रस्त्याच्या कडेला राहतात आणि समोरून येणाऱ्या ट्रकपासून लांब. बहुतेक गाड्यांचा तापलेला सायलेन्सरही उजवीकडे असतो. फळ्यांची जोडी विजोड झाली खरी. पण जगातल्या सगळ्या जोड्या मापाने सारख्या असत्या तर लग्नाच्या मांडवात काय बघायचं होतं!

शेजारी एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले काका राहतात. अंगणात पाना वाजला की ते चहा अर्धा टाकून येतात. त्यांनी पुठ्ठा पाहिला, गाडी पाहिली आणि म्हणाले, 'सर, तुम्ही बसलेल्या माणसाचं वजन धरताय. धरा उभ्याचं. पायरी कुठलीही असो, माणूस आधी तिच्यावर उभा राहतो, मग बसतो.' आयुष्यभर एसटीच्या दारातल्या पायऱ्या दुरुस्त करणारा माणूस हे सांगणारच. आणि बरोबर सांगत होता. बसल्यावर फळीवर नुसते पाय असतात, पण चढताना सगळा देह एका पायावर, तोही फळीच्या बाहेरच्या काठावर येतो.

मग मी वहीत गणित मांडलं. साठ किलो वजन, चासीपासून वीस सेंटिमीटर बाहेर. फळी चासीला जोडणाऱ्या पट्टीच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये अंतर पाच सेंटिमीटर. तरफेच्या हिशोबाने वरच्या बोल्टवर चौपट ओढ, म्हणजे दोनशे चाळीस किलो. खड्ड्यात आदळलं किंवा उडी मारून बसलं तर त्याहून जास्त. साठ किलो हा आकडा मी गणितापुरता धरला होता. वही उघडी राहिली तेव्हा कुणीतरी तो खोडून बावन्न केला होता. बोल्टची कुवत मात्र भरपूर असते. आठ एमएमचा, डोक्यावर ८.८ असं उठवलेला बोल्ट दोन टनांची ओढ आरामात सोसतो. बोल्टच्या डोक्यावर त्याची ताकद छापलेली असते हे ऐकून ही म्हणाली, 'स्थळं बघताना अशी सोय असती तर किती बरं झालं असतं.' काका हसले. मी पाना शोधत होतो. आठच्या बोल्टला पाना तेराचा लागतो, हे नव्या माणसाला पटवून द्यायला अर्धी सकाळ जाते. बोल्ट आपलं नाव दांड्यावरून सांगतो, पाना डोक्यावरून.

तेव्हा बोल्ट दगा देत नाही. दगा देते ती पट्टी, नाहीतर वेल्डिंगचा टाका. म्हणून चासीला वेल्डिंग करायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. चासीच्या नळीला उष्णता लागली की टाक्याशेजारचं लोखंड कमजोर होतं. शिवाय एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस सहाच्या गाड्यांत इंजिनाचा कारभार एका छोट्या कॉम्प्युटरकडे असतो, त्याला वेल्डिंगचा करंट मानवत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही आहेच. नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करायचा नाही. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं तरी नंबरप्लेटवरचं एमएच २५ जागचं हललं नाही, तशी आमची चासीही जागची हलू द्यायची नव्हती. खुंट्याची जी मूळ भोकं आहेत, त्यांतच पट्टी बसवायची. मनात आलं तर अर्ध्या तासात काढून गाडी होती तशी करता आली पाहिजे.

पट्टी आणि फळी करून घ्यायला मी फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याच्या दारात कुळव, ट्रॅक्टरची ट्रॉली, शाळेचं गेट आणि पाण्याच्या टाकीचा स्टँड असा सगळा जिल्हा उभा होता. माझा पुठ्ठा त्याने उलटा धरून पाहिला. 'काय करलालाव सर हे? ताजव्याचं पारडं हाय का?' समजावून सांगितल्यावर तो खूश झाला आणि आठ एमएमची प्लेट उचलायला गेला. म्हटलं, एवढी जाड नको. तो म्हणाला, 'काम असं करतो सर, गाडी जाईल पण हे जाणार न्हाई.' आमच्या भागात लोखंडाचं काम याच तत्त्वावर चालतं. बैलगाडी गेली, तिचा साटा अजून गोठ्याच्या दाराला आहे. बऱ्याच घासाघिशीनंतर फळीला तीन एमएमची चेकर प्लेट आणि पट्टीला सहा एमएमचं लोखंड यावर तह झाला. घासाघीस पैशांची नव्हती, जाडीची होती.

घरी आणल्यावर कानस घेऊन काठ गोल केले, कारण पिंडरीला लागलेला लोखंडी काठ पिंडरी विसरत नाही. वर जुन्या टायरचं रबर चिकटवलं. एका सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा थेट तळपायात येतो, तो रबर बराचसा पिऊन टाकतं. बसवताना तीन गोष्टींवर खल झाला. फळी वरच्या दिशेने मुडपली पाहिजे. वळणावर गाडी कलते आणि फळी रस्त्याला टेकली, तर ती दुमडायला हवी. ताठ राहिली तर तरफेसारखी चाकच उचलते आणि मग मागचे-पुढचे दोघेही एका मताचे होतात. दुसरं, फळी फार पुढे नको. सिग्नलला मी पाय टेकवतो तेव्हा माझ्याच पोटरीवर आपटते. तिसरं, पुढची कड बोटभर उचललेली हवी, म्हणजे ब्रेक मारल्यावर पाय घसरून पुढे येत नाहीत. काही जुन्या हलक्या गाड्यांचे मागचे खुंटे चाकाबरोबर हलणाऱ्या दांड्यावर असायचे. प्रत्येक खड्डा गुडघ्याला स्वतंत्र कळवला जायचा. आमची पट्टी चासीवर, म्हणजे शॉकअपच्या वर बसली. खड्डे कळतात, पण सभ्यपणे.

मंगळवार बघून आम्ही तुळजापूरला निघालो. साडी होती, दोन्ही पाय डाव्या फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले. आरशात मला फक्त एक कोपर दिसत होतं, आणि ते कोपर स्वस्थ होतं. पूर्वी अर्ध्या वाटेवर पाठीवर थाप पडायची, 'थांबा जरा.' त्या थापेवर मी पाय मोकळे करायचो, चहा घ्यायचो, वर बायकोसाठी थांबलो असा भावही खायचो. या वेळी थाप पडलीच नाही. तुळजापूर आलं तेव्हा ही टुणकन उतरली आणि मी हँडल धरून कंबर सरळ होण्याची वाट पाहत उभा होतो. पायऱ्या उतरून, गोमुखाचं पाणी डोळ्यांना लावून, दर्शन घेऊन ही वर आली आणि म्हणाली, 'एवढ्यात घरी जायचं? नळदुर्ग कुठं लांब आहे?'

नळदुर्गला बोरी नदीवरच्या पाणीमहालात गेलो. आदिलशाही काळात बांधलेल्या या बंधाऱ्याच्या पोटातच महाल आहे. पावसाळ्यात पाणी नर आणि मादी या दोन धबधब्यांनी डोक्यावरून कोसळतं आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी एवढा विचार करून बांधलं. धरणाचं काम पाणी अडवणं, बसणाऱ्याची सोय पाहणं हे त्याच्या कामात कुठेच येत नव्हतं, तरी ती पाहिली. ही गवाक्षात बसली होती, मी भिंतीला पाठ टेकून कंबर शेकत होतो. परतीच्या वाटेवर पुढची सीटही जरा बघायला हवी असं मी म्हटलं, तर मागून उत्तर आलं, 'आधी माझ्या पाठीला टेका करा, मग तुमचं बघू.'

तुम्ही करणार असाल तर घाई करू नका. बोल्ट ८.८ चेच घ्या, स्प्रिंग वायसर विसरू नका, चासीला वेल्डिंग करू देऊ नका, साडीगार्ड काढू नका आणि उजवी फळी सायलेन्सरपासून बोटभर तरी लांब ठेवा. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासून आवळा. ते ढिले होतातच. आणि माप घेताना मागे बसणाऱ्या माणसाला चप्पल घालायला सांगा.