दहातले साडेनऊ

रत्नागिरीहून दुबईला जाताना सर्वांत अवघड टप्पा रत्नागिरी ते मुंबई हाच, यावर जिल्ह्यात दुमत नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. त्या वर्षी हौसेनं काढलेला पासपोर्ट 2021 साली संपला, रस्ता काही संपला नाही. म्हणून शहाणा माणूस कोकण रेल्वे धरतो, रात्रभर पायाशी आंब्याची पेटी सांभाळतो आणि पहाटे विमानतळावर पोचून आता सगळं सुरळीत, अशा समजुतीनं काउंटरपुढे उभा राहतो. काउंटरवरची मुलगी पासपोर्टाचं फोटोचं पान उघडते. महिना मे, पासपोर्ट संपणार ऑक्टोबरात. ती तारीख पुन्हा वाचते, टेबलाखाली बोटांवर महिने मोजते, स्क्रीनकडे बघते आणि म्हणते, ‘सर, एक मिनिट हं.’ या वाक्यानंतर पेटी बहुधा मुंबईतल्या नातेवाइकांकडे जाते. संयुक्त अरब अमिरातीत उतराल त्या दिवसापासून पुढे सहा महिने पासपोर्ट चालू असावा लागतो, आणि ऑक्टोबर काही नोव्हेंबरात येत नाही.

इथे रत्नागिरीकरातला वकील जागा होतो. खरं तर तो कधी झोपलेला नसतोच. त्याचा मुद्दा वरवर बिनतोड असतो : दहा वर्षांचे पैसे घेतले, सरकारनं तारीख छापली, मग साडेनऊ वर्षांतच पासपोर्ट मेला कसा? पण हा दावा चुकीच्या कोर्टात लावलेला आहे. पासपोर्टाच्या आतल्या बाजूला काय छापलंय ते फार थोडे लोक वाचतात. तिथे राष्ट्रपतींच्या नावानं, या माणसाला बिनअडथळा जाऊ द्यावं, लागली तर मदत करावी, अशा अर्थाचा मजकूर आहे. भाषा कितीही भारदस्त असली तरी परक्या देशाच्या दारात ती विनंतीच. ती किती दिवस चालेल हे भारत सरकार ठरवतं. ती ऐकायची की नाही, हे दार ज्याचं आहे तो ठरवतो. म्हणूनच एकाच पासपोर्टाची मुदत देशागणिक बदलते. सिंगापूर, इंडोनेशिया सहा महिने मागतात. युरोपातला शेंगेन गट तीनच महिने मागतो, पण ते उतरल्यापासून नव्हे, परत निघण्याच्या तारखेपासून. शिवाय पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. जपान आणि ब्रिटन मुक्काम संपेपर्यंतच्या मुदतीवर समाधान मानतात. अमेरिकेचा नियम तसा सहा महिन्यांचाच, पण त्यातून सूट मिळालेल्या देशांच्या यादीत भारत आहे. ही सूट गल्लीतल्या एकालाच ठाऊक असते आणि तो ती दुबईलाही लावतो.

खरं म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीचा हा धडा रत्नागिरीला कुणी शिकवायला नको. ब्रह्मदेशाचा राजा थिबा इथे 1886 मध्ये आला तेव्हा त्याच्याकडे कुणी पासपोर्ट मागितला नाही. अडचण यायची नव्हती, जायची होती. ती तीस वर्षं टिकली. 1910 साली राजवाडा बांधून मिळाला, 1916 साली राजा इथेच वारला, परतीचा परवाना शेवटपर्यंत आला नाही. पुढे 1924 ते 1937 सावरकरांना जिल्ह्याबाहेर जायला बंदी होती. माणसानं कुठे जावं हे त्याच्या इच्छेवर नसतं, याचे दोन पुरावे ज्या गावात उभे आहेत, त्या गावानं सहा महिन्यांवरून विमानतळावर आवाज चढवावा, हे शोभत नाही.

‘पण मी चारच दिवसांसाठी चाललोय, परतीचं तिकीट हे बघा,’ हा पुढचा आक्षेप. तो प्रामाणिक असतो, तिकीटही खरं असतं. मात्र यजमान देशाला तुमचा हेतू तपासायचा नसतो, तुमचं नशीब तपासायचं असतं. मार्च 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली तेव्हा कित्येक जण असेच चार दिवसांसाठी गेलेले होते. त्यांना आणायला ‘वंदे भारत’ची पहिली विमानं 7 मे रोजी निघाली, आणि नेहमीची वाहतूक पूर्ववत व्हायला 27 मार्च 2022 उजाडला. परक्या गावात आजारी पडलेला, पासपोर्ट संपलेला पाहुणा हा त्या सरकारला डोक्याला ताप असतो. सहा महिने म्हणजे त्या तापाची आगाऊ तजवीज. महासाथीत सहा महिनेही अपुरे पडले, असं कुणी म्हणेल तर ते मान्य. पण म्हणून तीस दिवस पुरले असते असं होत नाही.

आणि काउंटरवरच्या मुलीशी भांडण्यात तर अजिबात अर्थ नाही. चुकीची कागदपत्रं असलेला प्रवासी पलीकडे उतरवला तर त्याला परत आणायचा भार विमान कंपनीवर पडतो, वर दंडही होऊ शकतो. म्हणून देशोदेशीचे नियम कंपन्या ‘टिमॅटिक’ नावाच्या यंत्रणेत बघतात. त्या यंत्रणेला तुमच्या मामांची ओळख चालत नाही.

‘मग सरकारनं सरळ साडेनऊ वर्षं छापावं!’ सूचना चांगली आहे, पण तसं केलं तर दुबई त्या साडेनऊच्या आत पुन्हा सहा महिने मागेल, आणि असं करत करत आपण पासपोर्ट काढायच्या दिवसापर्यंत येऊन पोचू. त्यापेक्षा नूतनीकरण मुदत संपण्याच्या वर्षभर आधी करता येतं, ते करावं. आता इथे कोकणी हिशेब आडवा येतो : उरलेले महिने नव्या पासपोर्टात जमा होत नाहीत, ते बुडतात. बुडतात हे खरं. पण किती? छत्तीस पानी पासपोर्टाची फी पंधराशे रुपये, म्हणजे वर्षाला दीडशे, सहा महिन्यांचे पंचाहत्तर. मोसमाच्या सुरुवातीला एवढ्यात धड एक हापूस येत नाही. त्यासाठी तिकीट, रजा आणि भाचीच्या लग्नाचा आहेर पणाला लावणारी माणसं आहेत. जुन्या पासपोर्टात अमेरिकेचा चालू व्हिसा आहे म्हणून तो बदलायचा नाही, हेही कारण चालणार नाही. नव्याबरोबर जुना न्यायचा, व्हिसा चालतो. रबरबँड लावलेली पासपोर्टांची अशी जुडी कोकणातल्या बऱ्याच कपाटांत सापडेल.

एवढं सांगूनही ज्याला पंचाहत्तर रुपये सोडवत नाहीत, त्याच्यासाठी नेपाळ आहे. काठमांडूला भारतीयांना पासपोर्ट लागत नाही. आधार कार्ड सरसकट चालत नाही, पण मतदार ओळखपत्र चालतं, आणि त्यावर मुदतीची तारीखच नसते. त्यावरचा फोटो मात्र वीस वर्षांपूर्वी शाळेच्या वर्गात, खिडकीकडे पाठ करून काढलेला असतो. तो आपलाच आहे हे तिथल्या माणसाला पटवायला वेळ लागतो, तेवढा धरून निघावं.